पलंगामागच्या भिंतीचं पॅनेलिंग, स्वतःच्या हातानं

"मिस्त्री, पॅनेलिंग केलं की ही ओल दिसणार नाही ना?" पुण्यात पाऊस सरला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. दिसणार नाही, पण असेल. बाहेरून शर्ट इस्त्रीचा आणि आत बनियन ओला, अशी ती भिंत होते. पॅनेलच्या मागे ना वारा, ना ऊन. उघड्या भिंतीवर जी ओल दिवाळीपर्यंत सुकते, ती मागे वर्षभर मुक्काम ठोकते. बुरशी धरते, पॅनेल ज्यांवर ठोकतात त्या प्लायच्या पट्ट्या कुजतात, वाळवीला आयतं घर मिळतं. ओल झाकण्यासाठी पॅनेलिंग मागणाऱ्याला मी आधी वॉटरप्रूफिंगवाल्याकडे पाठवतो. काम हातचं जातं, पण दोन वर्षांनी शिव्या खाव्या लागत नाहीत.

मी मूळचा वाईकडचा. वडील गावात बैलगाड्या आणि दारं-खिडक्या करायचे, मी पुण्यात येऊन फर्निचरमध्ये पडलो. हल्ली बरीच तरुण मंडळी विचारायला येतात की हे आम्ही स्वतः केलं तर? ड्रिल मशीन घरात असतं, व्हिडिओ बघून झालेले असतात. माझं मत विचाराल तर करा. कपाट किंवा पलंग पहिल्या फटक्यात जमणार नाही, पण एक भिंत पॅनेलिंग करणं घरच्या माणसाला नक्की जमतं. फक्त एक लक्षात घ्या. व्हिडिओत दाखवतात ते पॅनेल चढवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते एका दुपारचं काम. खरी मेहनत त्याच्या मागे असते, आणि ती कुणी दाखवत नाही.

खाली सांगतोय ते एक भिंत डोळ्यासमोर धरून. बेडरूममधली पलंगामागची भिंत, १० फूट रुंद, ९ फूट उंच, विटांची, खाली ४ इंचांची टाइलची स्कर्टिंग, दोन बाजूंना दोन स्विचबोर्ड. पॅनेल डब्ल्यूपीसीचे (भुसा आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाचे), उभ्या पन्हाळीचे, ज्याला बाजारात लोव्हर म्हणतात. तुमची मापं वेगळी असतील, हिशेब हाच.

आधी भिंत

पावसाळ्यात भिंत बघा आणि हिवाळ्यात काम करा. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या वाटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवून माल आणू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ती भिंत काय करते हे माहीत हवं. रंगाला फुगे, पोपडे, लोणा लागून पांढरी भुकटी, कोपऱ्यात काळे ठिपके, यातलं काही दिसलं तर आधी कारण शोधा. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सगळ्यात जास्त झोडपली जाते. आतल्या भिंतीला ओल असेल तर पलीकडे बाथरूम आहे का ते बघा. तळमजल्यावर ओल जमिनीतून वर चढते. आणि एसीच्या पाण्याची नळी भिंतीत दाबलेली असेल तर तिच्यावरही संशय घ्या.

डोळ्यांना काही दिसत नसेल तरी एक परीक्षा करा. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या आणि चारही कडा टेपने भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवस तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतली दमट हवा आहे, भिंत निर्दोष. हे एकाच ठिकाणी करू नका. स्कर्टिंगच्या वर एक, मध्यावर एक आणि बाथरूमकडच्या कोपऱ्यात एक लावा.

आता भिंत कशाची आहे ते ओळखा, कारण स्क्रू त्यावर ठरतो. कोपऱ्यात, जिथे पुढे झाकलं जाईल तिथे, एक बारीक भोक पाडा आणि भुकटीचा रंग बघा. सुरुवातीला प्लास्टरची करडी भुकटी येईल, ती सोडून द्या. त्यानंतर लाल आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आणि बिट भसकन आत गेलं तर सायपोरेक्सचा हलका ब्लॉक. करडी आणि मशीन रडायला लागलं तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. एकाच भिंतीत यातले दोन प्रकार मिळू शकतात, कारण कोपऱ्यात बहुधा कॉलम असतो. सायपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लॅस्टिकचा तुकडा, फिरत राहते. गिट्टीही तिथे लांब लागते. काँक्रीटमध्ये हॅमर चालू, आणि मध्येच सळई लागली तर तिच्याशी भांडू नका, भोक इंचभर सरकवा.

भिंतीला वाळवीच्या मातीच्या रेषा दिसल्या तर त्या झाडून टाकून पुढे जाणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. ट्रीटमेंटवाल्याला बोलवा, आणि त्यानंतरच लाकडाचा तुकडा त्या खोलीत आणा.

माल कुठला घ्यायचा

दुकानात गेलात की दहा नावं कानावर पडतील. मला विचाराल तर घरी करणाऱ्यासाठी तीनच पर्याय आहेत.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. पाण्याला दाद देत नाही, वाळवीला त्यात फारसा रस नाही, करवतीने सरळ कापला जातो. पुण्याच्या हवेत आणि कोकणात तर हाच घ्या. चारकोल म्हणून जे पॅनेल मिळतात ते बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात. हलके, दिसायला झकास, नक्षी भरपूर. पण उष्णतेला ते मऊ पडतात. देवघराच्या मागे, जिथे समई आणि उदबत्ती रोज पेटते, तिथे किंवा गॅसच्या ओट्याजवळ ते लावू नका. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. पीव्हीसीच्या पॅनेललाही हाच नियम. तिसरा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. रंग देण्यासाठी त्याच्याइतकं गुळगुळीत काही नाही, पण पाणी लागलं की फुगतो, आणि एकदा फुगलेला एमडीएफ परत बसत नाही. तो आतल्या कोरड्या भिंतीलाच. लावणारच असाल तर एचडीएचएमआर बोर्ड बघा, तो घट्ट असतो आणि दमटपणा जास्त सोसतो.

पट्ट्यांसाठी प्लायवुड लागेल, १२ मिमी. इथे काटकसर करू नका. आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूपी मरीन प्लाय घ्या. लोक समोरच्या पॅनेलवर हात सैल सोडतात आणि मागे खोक्याचा प्लाय घालतात. अहो, समोरचं उद्या बदलता येईल, मागचं बदलायला सगळं उचकटावं लागेल.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर प्लाय तिथेच पट्ट्यांमध्ये कापून मागा. त्यांच्या टेबल करवतीवर ते काम पंधरा मिनिटांत होतं आणि पट्ट्या सरळ निघतात. घरी तेच हातकरवतीने करायचं म्हणजे हालअपेष्टा.

पॅनेल बहुधा साडेनऊ फुटांचे येतात. ते लिफ्टमध्ये मावत नाहीत. जिन्याच्या वळणावर मावतात का, हे टेम्पो बोलावण्याआधी फूटपट्टी घेऊन बघून या. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर नक्कीच. सगळे पॅनेल एकाच लॉटचे आहेत ना हे बॉक्सवर तपासा, कारण दोन लॉटच्या रंगात उन्नीस-बीस फरक असतो आणि तो भिंतीवर चढल्यावरच दिसतो. घरी आणल्यावर ते त्याच खोलीत जमिनीवर आडवे पसरून दोन दिवस ठेवा. भिंतीला टेकवून उभे ठेवलेत तर कमान धरतात.

हिशेब

पॅनेलची छापील रुंदी आणि झाकणारी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत जाते, तेवढी रुंदी वजा होते. दुकानातच दोन तुकडे एकमेकांत अडकवा आणि एका पॅनेलच्या कडेपासून दुसऱ्याच्या त्याच कडेपर्यंत टेप धरा. तीच खरी रुंदी.

समजा ती सव्वासहा इंच आली. भिंत १२० इंच. म्हणजे १९ पॅनेल पूर्ण बसतात आणि सव्वा इंच उरतो. शेवटी सव्वा इंचाची चिंधी लावलेली भिंत बघितली की मला कळतं, इथे कुणी आधी हिशेब केला नव्हता. त्याऐवजी एक पूर्ण पॅनेल कमी करा. १८ पॅनेलनी एकशे साडेबारा इंच भरतात. उरतात साडेसात. ते दोन्ही कोपऱ्यांत पावणेचार-पावणेचार इंच वाटून टाका. भिंत दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि पलंगाचा मध्य पॅनेलच्या मांडणीच्या मध्यावर येतो. एकूण पॅनेल लागले वीस. दोन जास्त आणा. एक चुकीच्या कापासाठी, एक पलंगाखाली ठेवण्यासाठी.

उंची ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्यातून स्कर्टिंगचे ४ गेले, उरले १०४. पॅनेल स्कर्टिंगच्या वरच थांबवा. खाली जमिनीपर्यंत नेलेत तर रोज लादी पुसताना त्याच्या तळाला पाणी लागणार. शिवाय स्कर्टिंगची टाइल साधारण अर्धा इंच पुढे आलेली असते आणि १२ मिमीची पट्टी जवळपास तेवढीच जाड असते, त्यामुळे पॅनेल वर छान बसून जातो.

पॅनेल उभे, म्हणून पट्ट्या आडव्या. तळाला एक, वर छताखाली एक, आणि मध्ये साधारण सतरा इंचांवर एकेक. आपल्या भिंतीला सात ओळी होतात. सात गुणिले दहा, ७० फूट. बोर्डांभोवती आणि कोपऱ्यात तुकडे लागतील त्यांचे १५ फूट धरा. ८ बाय ४ च्या एका प्लायमधून ३ इंची पट्ट्या १५ निघतात, सोळावी करवतीच्या कापात जाते. १५ पट्ट्या म्हणजे १२० फूट. एक शीट पुरून उरते.

पट्ट्या ठोकणं

इथे वेळ द्या. इथे दिलेला वेळ वर दिसतो.

पहिल्यांदा भिंतीला पोट आहे का ते बघा. वरच्या दोन कोपऱ्यांत खिळे मारून दोरा ताणा, मग मध्यावर, मग खाली, मग तिरका. दोरा कुठे भिंतीला टेकतो आणि कुठे सुटतो ते पेन्सिलने लिहून ठेवा. सगळ्यात पुढे आलेली जागा हीच तुमची पातळी. बाकीच्या ठिकाणी पट्टीच्या मागे पॅकिंग घालून तिला त्या पातळीत आणायचं. पॅकिंगसाठी सनमायकाचे तुकडे सगळ्यात उत्तम. एक तुकडा साधारण एक मिमी जाड, मोजायला सोपे, दबत नाहीत, कुजत नाहीत. कुठल्याही फर्निचरवाल्याकडे मागा, फुकट देईल. पुठ्ठ्याची घडी घालून ठोकलेलंही पाहिलंय मी. पुठ्ठा दबतो, आणि मग पॅनेलवर हात टेकला की डगडग वाजतो.

पातळीसाठी लेझर असेल तर झकास. नसेल तर प्लंबरची लेव्हल ट्यूब आणा, पारदर्शक, पाणी भरलेली. आतला हवेचा बुडबुडा काढून टाकला की ती कधी खोटं बोलत नाही. दोन्ही कोपऱ्यांत खूण करा आणि रंगाच्या दोऱ्याने रेघ मारा. जमिनीपासून मोजून रेघ मारू नका, लादीला उतार असू शकतो.

ठोकण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या कडांना वाळवीचं औषध लावून सुकवा. प्लाय कितीही चांगला असला तरी पाणी आणि वाळवी शिरतात त्या कडांतूनच.

स्क्रूचा हिशेब असा. पट्टी १२ मिमी, आतलं प्लास्टर साधारण १२ मिमी, आणि विटेत किमान २५ मिमी पकड हवी. म्हणजे ५० मिमीचा स्क्रू, ८ नंबरचा, आणि ६ मिमीची गिट्टी. गिट्टी प्लास्टरमध्ये नाही, विटेत बसली पाहिजे. प्लास्टरला काही पकड नसते. पट्टी जागेवर धरून तिच्यातूनच सरळ भिंतीत भोक पाडलं की जागा चुकत नाही. ड्रिलच्या बिटला ६० मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे खोली कळते. फुटाफुटावर एक स्क्रू, डोकं पट्टीत बुडलेलं. आपल्या भिंतीला सत्तर-ऐंशी स्क्रू लागतील, शंभराचं पाकीट घ्या.

एका ओळीत पट्टीला जोड येईल तिथे इंचभर फट सोडा, आणि प्रत्येक ओळीत ती फट वेगळ्या ठिकाणी येऊ द्या. त्यातून थोडी हवा खेळते. सगळ्या पट्ट्या आडव्या आणि अखंड ठोकल्या तर मागे सहा बंद कप्पे तयार होतात.

लगेच प्रश्न येतो की हे सगळं कशाला, सरळ भिंतीला गोंदाने चिकटवलं तर? चिकटतं. पण गोंद भिंतीला नाही, रंगाला आणि पुट्टीला चिकटतो. पुट्टी सुटली की पॅनेल पुट्टीसकट खाली येतो. हलका छोटा तुकडा असेल, रंग खरवडून काढलेला असेल आणि भिंत सरळ असेल तर ठीक. डोक्यामागे झोपायच्या भिंतीला मी तो धोका घेत नाही.

टीव्हीची भिंत असेल तर ब्रॅकेटच्या जागी पट्ट्यांऐवजी १२ मिमी प्लायचा अखंड तुकडा ठोका, ब्रॅकेटपेक्षा चारी बाजूंनी मोठा. तरीही टीव्हीचं वजन फास्टनरने विटेवर गेलं पाहिजे, प्लायवर नाही. आणि पोकळ पॅनेलवरून बोल्ट आवळला तर पॅनेल चेपतो, म्हणून तेवढ्या भागात पॅनेल कापून ब्रॅकेट प्लायला भिडवा. केबलसाठी पाइप आधीच टाकून ठेवा.

वीज

हा भाग इलेक्ट्रिशियनला बोलावून करून घ्या. तासाभराचं काम असतं. भिंत जवळपास इंचभर पुढे येणार, त्यामुळे स्विचबोर्डही पुढे आले पाहिजेत. जुना डबा मागे आणि प्लेट पॅनेलवर, मध्ये उघड्या तारा आणि पोकळी, असं अर्धवट काम ठेवू नका. डबा पुढे आणायचा, त्याच्याभोवती पट्टीचे तुकडे ठोकायचे, तारा आखूड पडत असतील तर नीट जोडून घ्यायच्या. पॅनेलच्या मागे उघडा जोड एकही नको.

ड्रिल मारताना हे ध्यानात ठेवा की बोर्डाला जाणारा पाइप बहुधा सरळ वरून येतो. बोर्डाच्या थेट वर आणि खाली उभ्या रेषेत भोक टाळा, पट्टीचा स्क्रू तिथून चार इंच बाजूला घ्या. पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या रेषेचंही तेच. त्या खोलीचं एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करूनच तिथे हात घाला. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून वायर ओढून घ्या.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना मोबाइलचं चार्जिंग कुठे हवंय, वाचायचा दिवा कुठे, हे आत्ताच घरात विचारून घ्या. सगळं बंद झाल्यावर वहिनी म्हणतात, "दादा, इथे एक सॉकेट पाहिजे होता." तेव्हा मी फक्त चहा पितो. दिवे घ्याल ते एलईडीच, तापणारे नकोत.

पॅनेल चढवताना

पहिला पॅनेल म्हणजे सगळं काम. तो ओळंब्यात असेल तर उरलेले एकोणीस मुकाट्याने मागे येतात. कोपरा सरळ असतो असं गृहीत धरू नका. छताजवळ खिळा मारून ओळंबा सोडा, हलायचा थांबला की दोऱ्यापासून पॅनेलच्या कडेपर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. तिन्ही सारखं आलं पाहिजे. कोपऱ्याकडे फट कमी-जास्त होईल, होऊ द्या. तिथे शेवटी झाकणारी पट्टी लागणार आहे.

उंची प्रत्येक पॅनेलसाठी वेगळी मोजा. छत सपाट दिसतं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार सुतांचा फरक सहज असतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोजलेल्या मापातून एक-दीड सूत कमी करून कापा आणि ती फट वर ठेवा. डब्ल्यूपीसी उन्हाळ्यात वाढतो. वर-खाली घट्ट ठोकून बसवलेला पॅनेल मे महिन्यात पोट काढतो.

कापायला बारीक दातांची करवत पुरते, वेळ लागेल एवढंच. मशीन वापराल तर लाकडाचं गोल करवत मशीन, जास्त दातांचं पातं, आणि गार्ड लावलेलं. मार्बल कटरला दातांचं लाकडी पातं लावून, गार्ड काढून काम करणारे आमच्या धंद्यात भरपूर आहेत. त्यातल्या काहींच्या हाताची बोटं मोजून बघा. ते मशीन त्या पात्यासाठी केलेलंच नाही, एका झटक्यात हातातून उडतं. डोळ्यांवर चष्मा लावा. एमडीएफ कापत असाल तर चांगला मास्क, आणि कापायचं काम गॅलरीत.

पॅनेलच्या दर्शनी बाजूवर कापायच्या रेषेवर कागदी टेप लावून कापलंत तर कडेचे टवके उडत नाहीत. कापलेली बाजू वर ठेवा, कारखान्याची सरळ बाजू खाली स्कर्टिंगवर, कारण नजर तिथे जाते.

प्रत्येक पट्टीवर गोंदाचे ठिपके द्या, अखंड रेघ नको. पॅनेल दाबा आणि त्याच्या खाचेच्या कडेतून, जी पुढच्या पॅनेलखाली झाकली जाते, प्रत्येक पट्टीत एक बारीक स्क्रू मारा. स्क्रू फार आवळू नका, कड चिरते. पुढच्याची जीभ खाचेत सारा, हाताच्या तळव्याने दाबा. बसत नसेल तर हातोडी थेट पॅनेलवर मारायची नाही, उरलेल्या पॅनेलचा तुकडा मध्ये धरून त्यावर हलकी थाप. चार-पाच पॅनेल झाले की पुन्हा ओळंबा लावा. फरक पडत चालला असेल तर पुढच्या तीन-चार पॅनेलमध्ये केसाएवढा केसाएवढा वाटून घ्या, एकाच ठिकाणी दुरुस्त करायला गेलात तर सांधा उघडा पडतो.

स्विचबोर्डाच्या जागी पॅनेल कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. पुठ्ठा भिंतीवर धरून डब्याची जागा आखा, कापून बघा, बसला की मग तोच पॅनेलवर ठेवून आखा. भोक डब्यापेक्षा सूतभर मोठं चालतं, प्लेट झाकते. पन्हाळीवर प्लेट टेकल्यावर कडेला खाचा उघड्या दिसतात. तिथे प्लेटच्या मापाचा सपाट तुकडा बसवून त्यावर प्लेट लावली तर काम नीटनेटकं दिसतं. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि म्हणून त्या खाचांत धूळ आणि मुंग्या.

शेवटचा पावणेचार इंचांचा पॅनेल कोपऱ्यात तिरका घालून सरळ होत नाही. त्याच्या आधीचा पॅनेल स्क्रू न मारता थोडा सैल ठेवा, दोघांना एकमेकांत अडकवून छपराच्या आकारात पुढे धरा आणि दोन्ही एकदम आत दाबा. इथे दुसरा माणूस हवाच. कोपऱ्याकडची कड आता झाकली जाणार आहे, तिथून स्क्रू दिसला तरी चालतो.

कडा आणि फटी

कोपऱ्यांत एल आकाराची पट्टी, त्याच रंगाची. वरच्या फटीत रंग देता येईल असा ॲक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे रंगारी नंतर सांगतो, तेव्हा उशीर झालेला असतो. खाली स्कर्टिंगवर मी सीलंट अखंड भरत नाही, दोन-तीन ठिकाणी बोटभर जागा सोडतो. मागे चुकून कधी पाणी आलंच तर ते तिथून बाहेर दिसेल. सगळं हवाबंद केलं तर कळणारच नाही.

पलंग लावताना त्याची पाठ आणि पॅनेल यात दोन बोटं अंतर ठेवा किंवा पलंगाला मागे रबरी बटणं चिकटवा. पन्हाळीच्या उंचवट्यांवर पलंगाचा धक्का बसून दबलेल्या खुणा निघत नाहीत.

भाड्याच्या घरात असाल, किंवा इतकं सगळं नको असेल, तर भिंतीवर नुसत्या मोल्डिंगच्या चौकटी करा. पॉलिस्टायरीनच्या किंवा एमडीएफच्या पट्ट्या, ४५ अंशात कापलेल्या, भिंतीच्याच रंगात रंगवलेल्या. मायटर बॉक्स आणि हातकरवत एवढ्यात होतं. चौकटींमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा, चार इंच ठरवलं तर सगळीकडे चार, आणि स्विचबोर्ड एकतर पूर्ण चौकटीत किंवा पूर्ण बाहेर, रेषेवर अर्धा नको. कापण्याआधी कागदी टेपने चौकटी भिंतीवर आखून दोन दिवस त्यांच्याकडे येता-जाता बघा. माप टेपवर बदलणं फुकट आहे.

आणि एक काम, जे मी गिऱ्हाइकाला हटकून करायला लावतो. पट्ट्या आणि पाइप दिसत असताना, पॅनेल चढवण्याआधी, भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा. टेप उघडून भिंतीला धरा म्हणजे माप फोटोत येतं. कुठली पट्टी जमिनीपासून किती इंचांवर, पाइप कोपऱ्यापासून किती, सगळं. पुढे फोटोफ्रेम टांगायची झाली, नवा दिवा लावायचा झाला, तर कुठे स्क्रू धरेल आणि कुठे वायर फुटेल हे त्यातूनच कळेल. मोबाइल बदलतात, म्हणून एक प्रत छापून पलंगाखालच्या त्या जादा पॅनेलला टेपने चिकटवून टाका.